आधी उलटा सेल

सकाळी साडेनऊला काकी टेबलाशी बसल्या की आधी बांगड्या काढायच्या. डाव्या हातातल्या चार, मग उजव्या हातातल्या चार, आठही सोन्याच्या. जेवणाच्या डब्याचं झाकण पालथं न ठेवता वाटीसारखं ठेवायच्या आणि त्यात त्या एकेक करून सोडायच्या. आठवा आवाज झाला की इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या आमच्या गाळ्यातल्या नऊ जणांना कळायचं, काम सुरू झालं. मग समोरच्या ट्रेमधली पहिली वस्तू उचलायची, मागचं झाकण सरकवायचं आणि दोन्ही सेल उलटे घालायचे.

"आधी उल्टा," त्या म्हणायच्या. कोणाला उद्देशून नाही. आपण पाटावर बसताना काहीतरी पुटपुटतो, तसं.

वस्तू गप्प राहिली, तापली नाही, वास आला नाही, की सेल काढून सुलटे घालायच्या आणि ती चालते का ते बघायच्या. जगभर लोक आधी वस्तू चालते का ते बघतात. काकी आधी ती मरते का ते बघायच्या. मी नवीन होतो तेव्हा एकदा विचारलं, "काकी, सरळ आधी का नाही बघत?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सुल्टा कोन पन घालतंय," त्या म्हणाल्या.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल. पगारपत्रकात शेवटून दुसरं नाव, आणि त्याच्यावाचून एक दिवस सगळं अडतं. पण आमच्या काकींची गोष्ट थोडी वेगळी होती. त्यांना नोकरीची गरज नव्हती. डोंबिवली एमआयडीसीच्या पलीकडे ज्या शेतात त्यांनी लग्नानंतर भात लावला, तिथे आता वीस-वीस मजले उभे आहेत. तीन मजली घर, गेटवर सोनेरी अक्षरांत नाव, दारात काळीभोर मोठी गाडी. मुलगा ती गाडी घेऊन रोज त्यांना सोडायला यायचा. गाळ्यासमोरच्या खड्ड्यांतून ती गाडी डुलत आली की शेजारच्या रंगाच्या कारखान्यातले लोक बाहेर येऊन बघायचे, आणि त्यातून उतरायची ती आमची सोल्डरचे टाके तपासणारी बाई.

"घरान बसून काय करू? टीवी बघू?" असं त्यांचं उत्तर. मालक त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे, साताऱ्याकडचे, तेही त्यांना काकीच म्हणायचे.

एकोणीस वर्षांच्या असताना त्या ठाण्याला रेडिओच्या एका कारखान्यात लागल्या होत्या. सासूचा विरोध होता. पहाटे घरचं सगळं आवरून शेताच्या बांधावरून ठाकुर्ली स्टेशनपर्यंत चालत यायच्या. तिथे त्यांच्या लाइनवर एक सुपरवायझर बाई होत्या. त्यांनी काकींच्या हातात पहिल्यांदा सोल्डरिंगची इस्त्री दिली, पहिल्यांदा हात भाजला तेव्हा फुंकरही त्यांनीच घातली आणि वर रागावल्याही. काकी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायच्या. आमच्या गाळ्यात बाईंना कोणी पाहिलं नव्हतं, पण बाईंचं मत सगळ्यांना ठाऊक असायचं. टाका चमकला पाहिजे, बाईंनी सांगितलंय. जेवून आल्यावर हात धुवा, बाईंनी सांगितलंय. आणि आधी उलटा, हेही बाईंचंच.

बाईंनी लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर काही वर्षं ठाण्यात एकट्या राहिल्या, मग खडवलीच्या एका वृद्धाश्रमात गेल्या. काकी महिन्यातून एकदा त्यांना भेटून यायच्या. जाताना डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी न्यायच्या. बाई जन्माच्या शाकाहारी. चटणी तिथल्या नर्स, म्हणजे सिस्टर, खायच्या आणि भाकरी बाई.

आता माझा पराक्रम ऐका. आम्ही गळ्यात अडकवायची एक घंटी बनवली. म्हाताऱ्या माणसाने बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलावरची पेटी वाजते. आत टीव्हीच्या रिमोटमधले असतात तसे दोन बारीक सेल, म्हणजे अवघे तीन व्होल्ट. आराखडा माझा. मी खोपटच्या चाळीतला पहिला इंजिनियर, आणि हे मी तेव्हा कोणालाही विसरू देत नसे. पहिला नमुना मी स्वतः काकींच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी बांगड्या काढल्या, झाकण सरकवलं, सेल उलटे घातले. आतली चिप चिमटीत धरवेना इतकी तापली आणि माझी चार महिन्यांची मेहनत एका मिनिटात गेली.

"काकी!" मी ओरडलोच. "आत अधिक-उण्याचं चित्र काढलंय ना! चित्र बघून घालायचे!"

"मंग तू जाशील का परतेकाच्या घरान चित्र दावायला?"

मला राग आला. खरं सांगायचं तर बोलायला काही सुचलं नाही म्हणून राग आला. मी कॉम्प्युटरवर एक सूचना टाइप केली, "सेल फक्त चित्रात दाखवल्याप्रमाणे घालावेत," आणि ती काकींच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवली. मालकांनीही मान डोलावली, कारण तपासणीतच माल जळणं कोणाला परवडतं? दुसऱ्या दिवशी काकींनी त्या सूचनेवर एक खिळा ठोकला आणि त्याला आपली डब्याची पिशवी अडकवली. पण उलटे सेल घालणं मात्र बंद केलं. बांगड्या काढायच्या, सेल सुलटे घालायचे, घंटी वाजली की पुढे सरकवायची. तोंडाने काही म्हणायच्या नाहीत. इतकं शांत टेबल मला त्यानंतर कधी आवडलं नाही, पण तेव्हा मी जिंकलो असं समजत होतो.

पहिल्या बावीस घंट्या खडवलीला गेल्या. ते गिऱ्हाईकही काकींनीच आणलेलं होतं. बाईंच्या गळ्यात घंटी त्यांनी स्वतःच्या हाताने घातली.

सेल मेले की आपण काय करतो, ते तुम्हाला सांगायला नको. रिमोटच्या पाठीवर दोन थपडा मारतो. मग सेल जागच्या जागी गोल फिरवतो. मग काढून अदलाबदल करतो. आणि तरीही जमलं नाही तर खिडकीत उन्हाला ठेवतो. सेल टाकून द्यायचा असतो हे आपल्याकडे कोणी मानत नाही. खडवलीच्या आश्रमात तर संध्याकाळी मालिकेच्या वेळी घंटीतले सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये जायचे आणि रिमोटमधले अर्धमेले सेल घंटीत यायचे. सकाळी तेच सेल व्हरांड्याच्या कठड्यावर पापडासारखे मांडलेले असायचे.

एका सकाळी आश्रमातल्या मावशींनी ऊन दाखवलेले सेल बाईंच्या घंटीत घातले आणि ते उलटे पडले. चिप गेली. तासाभराने बाई न्हाणीघरात घसरल्या. घंटी गळ्यात होती, बटण हाताशी होतं. बाई दाबत राहिल्या. जेवणाच्या वेळी मावशी बोलवायला गेल्या तोपर्यंत त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. मनगट मोडलं. बाकी वाचल्या.

काकी खडवलीहून परत आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. बाईंची घंटी त्यांनी माझ्यासमोर ठेवली. मी झाकण सरकवलं. सेल उलटे होते, आणि त्यांच्याखाली मी काढलेलं चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं.

"चित्र हाय आत," काकी म्हणाल्या. "बाईंना मोतीबिंदू हाय. मावशीला वाचता येत नाय."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठलो, पिशवी खिळ्यावरून काढली, सूचना फाडली आणि पिशवी परत अडकवली. मला लाज वाटली, आणि ती आजही वाटते.

आश्रमाच्या सिस्टरनी बावीसही घंट्या काढून कपाटात ठेवल्या होत्या. महिन्याभरात भरवशाच्या घंट्या आणा, नाहीतर या घेऊन जा, असा निरोप होता. दुसरी कुठली घंटी गळ्यात घालायला बाई तयार नव्हत्या. "माझ्या मुलीने बनवलेलीच घालीन," असं त्यांनी सिस्टरना सांगितलं होतं. मुलगी म्हणजे काकी. म्हणजे आमचं जमेपर्यंत बाई न्हाणीघरात जाणार त्या बिनाघंटीच्या.

उलट्या सेलचा उपाय पुस्तकात असतो. वाटेत एक डायोड बसवायचा. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. मी दुपारपर्यंत बसवला. काकींनी सेल उलटे घातले, घंटी गप्प. सुलटे घातले, वाजली. मी टाळी द्यायला हात पुढे केला. काकींनी हात दिला नाही. त्यांनी टेबलाखालून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला.

त्या डब्यात सेल होते. मेलेले, मरणाला टेकलेले, छापील रंग उडालेले, दातांचे व्रण असलेले. घरच्या रिमोटमधले, नातवाच्या खेळण्यांतले, भिंतीवरच्या घड्याळांतले. इतके दिवस हा डबा त्यांच्या पायाशी होता आणि मी त्यात बिस्किटं आहेत असं समजत होतो. त्यांनी त्यातले दोन निवडले, पदराला पुसले आणि घातले. घंटी वाजली नाही.

मी मीटर लावला. दोन सेल मिळून दोन व्होल्टच्या थोडे वर. डायोड वाट देण्याच्या मोबदल्यात अर्धा-पाऊण व्होल्ट स्वतःच खात होता. उरलेल्यात चिप जागी होईना. बारा व्होल्टच्या गाडीत असा खर्च कळत नाही, पण दोन व्होल्टच्या संसारात तो फार होतो.

"नवे सेल घातले की चालेल," मी म्हणालो.

"खडवलीला नवे शेल कोन घालतंय?" काकी म्हणाल्या.

मग मी माझं हुकमी पान काढलं. मॉसफेट. हा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर. तो वाटेत असा बसवायचा की सेल सुलटे असले की तो पूर्ण उघडतो आणि वाटेत जवळजवळ काहीच खात नाही. सेल उलटे पडले की उघडतच नाही. मी दुकानातून चांगला मजबूत आणला, साठ व्होल्ट सोसणारा. माझ्या हिशेबाने मी खबरदारी घेत होतो. खरं तर मला आता कुठलाच धोका नको होता, आणि घाबरलेला माणूस दुकानात गेला की मोठ्यातला मोठा माल घेतो.

नव्या सेलवर उत्तम. उलट्याला गप्प, सुलट्याला खणखणीत. काकींनी डबा उघडला. पहिली जोडी, वाजली. दुसरी जोडी, घंटीने घसा खरवडल्यासारखा आवाज केला. तिसरी जोडी, काही नाही.

मी मीटर लावला आणि खुर्चीत मागे टेकलो. अशा मॉसफेटच्या पोटात जन्मतःच एक डायोड असतो. ट्रान्झिस्टर उघडला नाही तर सगळी वीज त्या पोटातल्या डायोडमधून जाते. म्हणजे इतका आटापिटा करून मी सकाळचाच डायोड पुन्हा बसवला होता, फक्त महागडा.

"पण कागदावर तर लिहिलंय," मी चडफडत म्हणालो, "हा एक व्होल्टला उघडायला लागतो!" मी काकींना कागद दाखवला. जणू त्यांनीच तो लिहिला होता.

काकींना इंग्रजी येत नाही. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"उघडायला लागतो म्हंजे?"

"म्हणजे थोडी वीज जायला सुरुवात होते."

"किती?"

मी बघितलं. एक मिलिअँपच्या चौथ्या हिस्स्याएवढी. घंटीला त्याच्या शंभरपट लागते. मी आकडा सांगितला.

काकी हसल्या. त्या सूचनेनंतर पहिल्यांदा हसल्या.

"नल टिपाकला म्हंजे पानी आयलं काय रं, इंजिनेर?"

डोंबिवलीच्या एकाही माणसाला याचा अर्थ विचारावा लागणार नाही. नळ गळू लागतो तेव्हा आपण पिंप पुढे सरकवतो, पण भरत नाही. भरतो तो पाणी धारेने आल्यावर. मी एवढी वर्षं शिकलो आणि ट्रान्झिस्टर निवडताना पहिला थेंब बघत होतो.

"मंग भरून पानी कदी येतंय, ता नाय लिवलं कागदावर?" त्यांनी विचारलं.

लिहिलेलं असतं. दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत. इतक्या व्होल्टला हा पूर्ण उघडेल, याची बनवणाऱ्याने हमी दिलेली असते. माझ्या साठ व्होल्टवाल्याची हमी साडेचार व्होल्टपासून सुरू होत होती. आमच्या घंटीला साडेचार व्होल्ट जन्मात बघायला मिळणार नव्हते.

"तीन व्होल्टाचे घरान साठ व्होल्टाचा पैलवान कनाला आनला?" काकी म्हणाल्या. "त्याला उठवायलाच आपली सगली ताकद जाते."

मी दोन दिवस कागद वाचत बसलो. आता पहिलं पान बघायचंच नाही असं ठरवलं. दुसऱ्या पानावर एकच ओळ शोधायची, भरून पाणी कधी. पाच प्रकार मागवले. काकींनी ते स्टीलच्या ताटलीत मांडले आणि प्रत्येकाखाली रंगीत कागदाचा तुकडा ठेवला. सगळ्यात शेवटचा तिळाहून जरासा मोठा होता. तो फार तर बारा व्होल्ट सोसायचा. आधीच्या आठवड्यात मी त्याला नाजूक म्हणून यादीतूनच काढलं होतं. पण पूर्ण उघडण्याची त्याची हमी पावणेदोन-दोन व्होल्टच्या आतच होती.

इथे एक गंमत सांगायला हवी. हा ट्रान्झिस्टर या कामासाठी नेहमीच्या उलट बाजूने जोडावा लागतो, नाहीतर पोटातला तो डायोड उलट्या सेलची वीज आत सोडतो आणि राखणदारच दार उघडून देतो. मी चित्र काढून काकींना हे समजावलं. त्यांनी माझ्या चित्राकडे आणि मग माझ्याकडे फार समाधानाने पाहिलं.

"त्याला पन आधी उल्टाच लावाचा?"

"हो."

"बाईंना सांगतंय मी," त्या म्हणाल्या.

त्या शनिवारी सगळा गाळा त्यांच्या टेबलाभोवती जमला. मालकसुद्धा. काकींनी बांगड्या काढल्या. एक, दोन, आठ. एकेका ट्रान्झिस्टरवर पूर्ण डबा रिकामा करायचा, असं ठरलं होतं. पहिला चौथ्या जोडीला पडला. दुसरा सहाव्या. तिसऱ्याने दहा जोड्या काढल्या आणि अकरावीला खरवडला. चौथा त्याचाच भाऊ. मग तो तीळ. दहावी जोडी, अकरावी, बारावी. काकी प्रत्येक वेळी आधी उलटे घालायच्या, मनात पाच मोजायच्या, बोटाने चिप चाचपायच्या, मग सुलटे घालून बटण दाबायच्या. पंधरावी जोडी दातांच्या व्रणांची होती. वाजली! सोळाव्या जोडीत मीटर दोनच्याही खाली गेला. तरी वाजली! सतराव्या जोडीला घंटी वाजली नाही, आणि मी मीटर लावला तर त्या सेलमध्ये घड्याळाचा काटा हलवण्याइतकाही जीव नव्हता.

"ह्ये खरंच मेलेले हाइत," काकींनी निर्णय दिला. "यांना जाऊ दे."

मालकांनी स्वतः जाऊन सगळ्यांसाठी वडापाव आणले.

खडवलीला मी काकींबरोबर त्या काळ्या गाडीतून गेलो, बावीस घंट्यांचा ट्रे मांडीवर घेऊन. बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. कृश, पांढरे शुभ्र केस, मनगटाला पट्टी, सुती साडीची इस्त्री अजून मोडलेली नाही. काकी वाकून पाया पडल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. तुम्हाला सांगतो, जिच्या दारात ती गाडी उभी असते, ती बाई त्या क्षणी परीक्षेला आलेल्या मुलीसारखी पदराचं टोक पिळत होती.

"आण बघू," बाई म्हणाल्या.

त्यांनी घंटी हातात घेतली. डोळ्यांनी नाही, बोटांनी झाकण शोधलं. नवे सेल काढून मांडीवर ठेवले. मग हात लांब करून कठड्यावर उन्हात पडलेल्या सेलमधले दोन चाचपून उचलले. बाईंनी सेलची चपटी बाजू अंगठ्याने ओळखली, आणि मुद्दाम, सावकाश, दोन्ही उलटे घातले.

"आधी उलटा," त्या म्हणाल्या. स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं. मला एकदम कळलं की काकींचा आवाज या आवाजावरून घेतलेला आहे.

बटण दाबलं. शांतता. बाईंनी घंटी गालाला लावून बघितली, तापते का. मग सेल फिरवले आणि पुन्हा दाबलं. आत सिस्टरच्या टेबलावरची पेटी अशी ठणाणा वाजली की दोन आजोबा झोपेतून उठून बसले.

"राखण कशाची लावलीस?" बाईंनी विचारलं. "डायोड नसणार. डायोडने या सेलवर वाजली नसती."

"मॉसफेट, बाई," काकी म्हणाल्या. "बारकासा हाय. ह्या पोराने शोधला."

हे अर्धंच खरं होतं. मी तोंड उघडलं. पण बाईंनी ते आधीच ओळखलं असावं.

"शोधला त्याने असेल. निवडला कोणी?"

"काकींनी," मी म्हणालो.

बाईंनी सिस्टरकडून लाल पेन्सिल मागून घेतली. रेडिओच्या कारखान्यात पास झालेल्या प्रत्येक मालावर त्या लाल पेन्सिलने बरोबरची खूण करायच्या, हे मला काकींनी परत येताना सांगितलं. घंटीचं झाकण सरकवून आत, माझ्या चित्राच्या शेजारी, त्यांनी ती खूण केली. मग उरलेल्या एकवीस घंट्या मागितल्या आणि प्रत्येकीत सेल आधी उलटे घालून बघितले. दोन तास लागले. कोणीही घाई केली नाही. गाडीत बसल्यावर काकी रडल्या. मीही थोडा रडलो, खिडकीबाहेर बघत.

दीड महिन्याने एका दुपारी गाळ्यातला फोन वाजला. सिस्टर होत्या. बाई अंगणात चालताना चक्कर येऊन बसल्या होत्या. घंटी वाजली आणि दोन मिनिटांत सगळे तिथे पोचले. साखर कमी झाली होती, आता ठीक आहेत, चहा घेतायत. सिस्टरनी आणखी एक गोष्ट सांगितली. घंटीत कोणते सेल होते ते त्यांनी मुद्दाम बघितलं. उन्हातले होते. रिमोटने नाकारलेले.

मी काकींना सांगितलं. त्यांनी हातातली इस्त्री स्टँडमध्ये ठेवली. झाकणातल्या बांगड्या काढून एकेक करून हातात चढवल्या, भर दुपारी, काम अर्धवट टाकून. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. मग हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या.

"वाजली," त्या म्हणाल्या. "वाजली रं, पोरा."

'इंजिनेर'चा 'पोरा' झालो तो त्या दिवशी. पदवीदान समारंभात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतर काकींनी काम सोडलं. बाईंना आता सोबत लागायची, आणि काकी आठवड्यातले चार दिवस खडवलीला राहू लागल्या. घरच्यांनी आधी कुरकुर केली, मग मुलगा गाडी घेऊन सोडायला जाऊ लागला. शेवटच्या दिवशी त्यांनी बिस्किटांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. निरोपाचं भाषण मालकांनीच केलं आणि त्यात तीनदा अडखळले.

डबा आता सगळ्यांचा आहे. मालकसुद्धा घरून मेलेले सेल आणून त्यात टाकतात. काकींच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. बसू नये असं कोणी सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात काकींचा मुलगा एक पाकीट देऊन गेला. आत बाईंची घंटी होती. गळ्यातली दोरी तुटली होती, तेवढी बदलून हवी होती. मी दोरी बदलली. घंटी परत पाकिटात घालणार, इतक्यात 'आधी उल्टा' आठवलं आणि मी झाकण सरकवलं. लाल खूण जागेवर होती, थोडी पुसट. आणि दोन्ही सेल, रंग उडालेले, नीट बसवलेले, मुद्दाम उलटे घातलेले होते.

मी सेल फिरवले आणि बटण दाबलं. भिंतीवरची आमची तपासणीची पेटी खणखणीत वाजली, आणि गाळ्यातल्या सगळ्यांनी एकदम मान वर करून त्या खुर्चीकडे पाहिलं.